मास्तरांचा उजवा हात

सोलापुरात भवानी पेठेतल्या शरणप्पांच्या कारखान्यात शाळेचे गणवेश शिवले जातात. तळमजल्यावर कापडाचे तागे आणि कटिंगचं लांब टेबल, वरच्या मजल्यावर चाळीसेक शिलाई मशीन, आणि जिन्याच्या वळणावर काचेची एक लहान खोली. त्या खोलीत प्रियंका तीन वर्षं बसत होती. कुठल्या मापाच्या किती पँटी, कापडाचा पन्हा किती, एवढं सांगितलं की ती संगणकावर सगळे भाग असे जुळवून बसवायची की मधे बोटभर चिंधी वाया जाऊ नये. मग त्याचा लांबलचक कागद छापून खाली जायचा. खाली नरसय्या मास्तर तो कागद कापडाच्या ऐंशी थरांवर पसरायचे आणि उभ्या पात्याच्या मशीननं रेघेवरून कापत जायचे.

प्रियंका मंगळवेढ्याच्या दक्षिणेकडची, कर्नाटकाच्या सीमेलगतची. वडील मायाप्पा आणि आई राजाबाई वर्षातले आठ महिने मेंढरांमागं हिंडणारे. आश्रमशाळेत आणि पुढं वसतिगृहात राहून तिनं डिप्लोमा केला होता. इथवर आपल्याला कोणी आणलं नाही, आपण आलो, हे तिच्या मनात पक्कं होतं. ती नऊच्या ठोक्याला यायची, कानात इअरफोन घालायची, डबा टेबलावरच खायची आणि सहाला निघायची. वरच्या बायका दुपारी गोल करून जेवायच्या. त्यात ती कधी बसली नाही. बसायचं नाही असं काही ठरवलेलं नव्हतं. त्या गप्पांतून निघतं काय, हे तिला कळत नव्हतं इतकंच.

फेब्रुवारीत ती चुकली. निळ्या पँटींचं कापड नव्या गिरणीकडून आलं होतं. तिनं नेहमीचेच आकडे धरून मापं बसवली. अकराशे पँटी शिवून झाल्या, वाफेच्या इस्त्रीखाली गेल्या आणि एकूण एक दीड इंचानं आखूड होऊन बाहेर आल्या. कापड आटलं होतं.

शरणप्पा स्वतः खाली आले. साठीचा माणूस, आवाज कधी न चढवणारा. त्यांनी एक पँट उचलून उजेडात धरली, पुन्हा खाली ठेवली.

"मास्तर, कापड आटणार हे तुमच्या हाताला लागलं न्हाई?"

"लागलं की. ताग्यावर हात फिरवला तवाच लागलं."

"मग?"

मास्तरांनी जिन्याकडं पाहिलं. "मागं एकदा सांगाय गेलतो तिला. सिस्टीममदे हाय सगळं, म्हणली. या वेळी म्हटलं, असंल."

प्रियंकाला ते आठवत होतं. दिवाळीच्या आधी मास्तर खोलीच्या दारात येऊन उभे राहिले होते, हातात कापडाचा तुकडा घेऊन. तिनं इअरफोनसुद्धा न काढता ते वाक्य म्हटलं होतं.

पायांची दुमड उकलून, आतून पट्टी लावून पँटी कशाबशा गेल्या. वरच्या बायकांचे चार दिवस उकलण्यात गेले. त्यांनीही प्रियंकाला काही म्हटलं नाही. कोणी तरी भांडलं असतं तर तिला बरं वाटलं असतं.

पाचव्या दिवशी शरणप्पांनी तिला समोर बसवलं. नवीन गिऱ्हाइकांसाठी नमुने करणारा वेगळा विभाग त्यांना सुरू करायचा होता, आणि त्याला एक प्रमुख हवा होता.

"त्या जागेला माझ्या डोक्यात तूच होतीस," ते म्हणाले. "पँटीचं मनावर घेत न्हाई मी. चुका होतात. पण मी वर-खाली चार जणांना विचारलं, ही पोरगी कशी हाय. वाईट कोणी बोललं न्हाई. चांगलं बी कोणी बोललं न्हाई. तीन वर्षं झाली तुला, आणि लोकांकडं तुझ्याबद्दल सांगायला काहीच न्हाई. विभाग चालवायचा म्हणजे तीसेक माणसं हलवायची. थांबू या थोडं."

आठवडाभर ती धुमसत राहिली. काम चोख आहे, मग लोकांनी आणखी काय सांगायचं? पण रागाला धार येईना, कारण पँटी दीड इंचानं आखूड झाल्या होत्या हे खरंच होतं. शेवटी तिनं मोबाइलवर कामाच्या ठिकाणी नाती कशी जोडावीत याचे दोन-तीन व्हिडिओ पाहिले आणि सोमवारी किलोभर पेढे घेऊन कारखान्यात आली.

काज-बटणाच्या मशीनवर काशम्मा बसायची. अक्कलकोटकडची, पन्नाशीची, वरच्या मजल्यावर तिच्या शब्दाला वजन. तिनं पेढा उचलला.

"लग्न ठरलं व्हय?"

"नाही."

"मग कशाचे?"

"असंच," प्रियंका म्हणाली. काशम्मानं शेजारणीकडं पाहिलं, पेढा तोंडात टाकला आणि मशीन सुरू केलं. बाकीच्यांनीही पेढे खाल्ले, आणि सगळं होतं तिथंच राहिलं.

मार्चमध्ये राजाबाई डाव्या डोळ्याचा मोतीबिंदू काढायला सोलापुरात आली. दवाखान्यानं दुपारी चारची वेळ दिली होती. प्रियंकाला अर्धा दिवस काम होतं, म्हणून तिनं आईला कारखान्यातच आणलं, वर भिंतीला टेकवून एका गठ्ठ्यावर बसवलं आणि स्वतः काचेच्या खोलीत जाऊन बसली.

दोन तासांनी ती आईला न्यायला गेली, तर राजाबाई गठ्ठ्यावर नव्हती. काशम्माच्या शेजारी बसून ती दोरे तोडत होती आणि दोघींचं कानडीत जोरात चाललं होतं. "यावूर्री निमदू?" असं काशम्मानं गाव विचारल्यावर जे सुरू झालं होतं ते आता कुणाच्या तरी भावजयीच्या माहेरापर्यंत पोचलं होतं. राजाबाईच्या ओटीत भाकरी बांधलेली होती. जेवायच्या गोलात तिला बसवून घेतलं होतं.

दवाखान्याकडं जाताना रिक्षात राजाबाई म्हणाली, "पिरेंका, त्या म्हाताऱ्याचा हात कापतोय गं."

"कुणाचा?"

"तुज्या त्या मास्तराचा. खाली पाणी प्यायला गेलते मी. उजवा हात. ग्लास दोनी हातांनी धरत हुता."

"तुला एका डोळ्यानं दिसलं?"

"तुला दोन डोळे हायत, तुला दिसलं न्हाय व्हय तीन वर्सात?"

पहिला विचार प्रियंकाच्या मनात आला तो असा, की मास्तर गेले तर खालचं टेबलही आपल्याच हाताखाली येईल. तो विचार तिनं मागं ढकलला. पण आला होता, हे तिला नाकारता येईना. मग तिनं आईला पँटींचं, पेढ्यांचं, शरणप्पांच्या बोलण्याचं सगळं सांगून टाकलं.

राजाबाई हसली. "पेढं कशापायी वाटलंस? आमी मेंढरं घिऊन नव्या गावाला जातो, तवा कुणाला काय वाटत जात न्हाय. पयल्यांदा इचारतो, पाणी कुटं हाय, कुटलं रान मोकळं हाय. इचारलं की मानूस थांबतो, हात करून दावतो, दोन पावलं संगं बी येतो. त्या मास्तराला ठावं हाय ते तुला ठावं न्हाय की. मग इचार त्याला."

शस्त्रक्रिया नीट झाली. आठ दिवस राजाबाई डोळ्याला हिरवी पट्टी लावून प्रियंकाच्या खोलीवर राहिली आणि मग गावाकडं गेली.

प्रियंका मास्तरांकडं गेली ती सकाळी, मशीन सुरू व्हायच्या आधी. इअरफोन तिनं पर्समध्येच ठेवला होता.

"मास्तर, कापड किती आटणार हे हाताला कसं कळतं, मला शिकवाल?"

नरसय्या मास्तर खडूला टोक काढत होते. त्यांचं घराणं विणकरांचं, घरात तेलुगू, वडिलांच्या मागावर सूत भरत ते मोठे झालेले. त्यांनी वर पाहिलं नाही.

"सिस्टीममदे आसंल की."

"नाही. तेव्हा मी चुकीचं बोलले. सिस्टीममध्ये नाही ते."

"बरं," मास्तर म्हणाले आणि खडूला टोक काढत राहिले.

दुसऱ्या दिवशी ती पुन्हा गेली. तिसऱ्या दिवशीही. चौथ्या दिवशी मास्तरांनी कापडाचे दोन चौकोन तिच्या हातात ठेवले, दोन्ही बरोबर अर्धा मीटर. घरी भिजवायचे, सावलीत वाळवायचे, इस्त्री करून मोजून आणायचे. तिनं आणले. एक चौकोन सेंटिमीटरभर आटला होता, दुसरा जवळजवळ दोन.

"आता डोळे मिट," मास्तर म्हणाले. "न भिजवलेलं कापड घे दोनी. चूडम्मा, बघ पोरी, आंगठ्यानं बघायचं, बोटानं न्हाय. कुटलं आटणार?"

ती चुकली. मास्तर हसले. पुढचे दोन महिने रोज सकाळी पंधरा मिनिटं असा तो वर्ग चालला. ती दहातले सहा ओळखू लागली, मग आठ. मधल्या काळात मास्तर एकदा वर येऊन तिच्या संगणकासमोर बसले, पडद्यावर पँटीचे तुकडे फिरताना पाहिले आणि म्हणाले, "हे बी काय वाईट न्हाय." दुपारी ती बायकांच्या गोलात बसू लागली. काशम्मा आधी तिला आईची खुशाली विचारायची. मग तिच्याकडून सुईचे नंबर, धाग्याची तक्रार, दुखरी पाठ असं सगळं येऊ लागलं. काजाची जागा अर्धा इंच वर घेतली तर बटण तुटत नाही, हे काशम्माला सहा वर्षांपासून ठाऊक होतं. तिला कोणी विचारलं नव्हतं.

हात तर कापतच होता. आता तोही रोज दिसायचा. सरळ रेघेवर मास्तर डावा हात उजव्यावर दाबून धरायचे आणि निभायचं. बगलेचा बाक आला की पातं अडखळायचं. प्रियंकानं त्याबद्दल एक शब्द काढला नाही. पण ती कागद वेगळा बसवू लागली. बाकाचे भाग टेबलाच्या कडेला, हाताशी येतील असे, आणि दोन भागांत थोडी जास्त जागा सोडून. मास्तरांच्या लक्षात आलं असणार. तेही काही बोलले नाहीत.

शरणप्पांच्याही लक्षात आलं, पण दुसरंच.

"कापड जरा जास्त लागतंय आजकाल," ते एकदा खोलीत डोकावून म्हणाले.

"नवीन कापडाला अंतर जास्त ठेवतेय," प्रियंका म्हणाली. "पुन्हा तसं व्हायला नको म्हणून."

ते मान डोलावून गेले. आपण अर्धं खोटं बोललो, हे तिला टोचलं. पण आपण मास्तरांच्या बाजूनं उभं राहिलो याचं समाधान त्याहून मोठं होतं.

मे महिन्यात, शाळा उघडायला तीन आठवडे असताना, सकाळी अकराच्या सुमाराला खालून मशीन बंद पडल्याचा आवाज आला आणि पुन्हा सुरू झाल्याचा आला नाही. प्रियंका जिना उतरून गेली. मास्तर टेबलापासून दोन पावलं मागं उभे होते. पातं बाकावरून घसरून मुलींच्या फ्रॉकच्या पुढच्या भागातून आरपार गेलं होतं. ऐंशीच्या ऐंशी थर. बोटाला काही झालं नव्हतं. उजवा हात मात्र पाखरासारखा थडथडत होता, आणि आता तो झाकायचा त्यांनी प्रयत्नही केला नाही.

शरणप्पा बँकेत गेले होते. टेबलाभोवती माणसं जमली.

प्रियंकानं कापलेला भाग मोजला. मोठ्या मापाचा फ्रॉक त्यातून आता निघणार नव्हता, लहान निघत होता. तिनं वर धाव घेतली, उरलेल्या ऑर्डरीतली पहिली-दुसरीच्या मुलींची मापं काढली आणि वाया गेलेल्या तुकड्यांवर बसवून पाहिली. ऐंशीतला एकही थर वाया न जाता बसत होती. कापायला खालचा मदतनीस उभा राहिला. पण लहान मापं आत्ताच निघाली म्हणजे वरची सगळी शिलाई उलट्या क्रमानं लावावी लागणार होती.

ती काशम्माकडं गेली. "काशम्माक्का, लहान फ्रॉक आधी घ्यावे लागतील. मोठ्यांचं कापड दुपारनंतर येईल. कसं करायचं?"

काशम्मानं विचारलं नाही की का. तिनं पलीकडं ओरडून दोघींना कानडीत आणि एकीला मराठीत काहीतरी सांगितलं, काजाच्या पट्ट्या बदलल्या, आणि पंधरा मिनिटांत रांग फिरली. जेवायचा गोल त्या दिवशी दोनदा बसला, अर्ध्या आधी, अर्ध्या नंतर.

दुपारी शरणप्पा आले तेव्हा मास्तर म्हणाले, "मी सांगतो. तू थांब हितंच." पण प्रियंका त्यांच्यासोबत गेली.

मास्तरांनी सांगितलं. हात वर्षभरापासून कापतोय, डॉक्टरांच्या गोळ्या चालू आहेत, घरी बसावं लागेल म्हणून बोललो नाही. शरणप्पांनी ऐकून घेतलं. मग ते प्रियंकाकडं वळले.

"तुला ठाऊक होतं?"

"मार्चपासून."

"कापड जास्त लागत होतं ते यापायीच?"

"हो."

"तुला वाटत असंल, तू मास्तरांना धरून राहिलीस, चांगलं केलंस, असं मी म्हणावं. न्हाई म्हणणार." त्यांचा आवाज पहिल्यांदाच चढला. "आज कापड गेलं. उद्या बोट गेलं असतं, पंजा गेला असता, तर यांच्या घरी जाऊन मी काय सांगणार होतो? तू काय सांगणार होतीस? अंतर जास्त ठेवलं होतं म्हणून?"

जिन्यावर येऊन प्रियंका कठड्याला धरून उभी राहिली. आपण मास्तरांना जपतोय असं ती समजत होती. रोज सकाळी त्यांना त्या पात्याशी उभं राहू देत होतो, हे तिच्या डोक्यातच आलं नव्हतं.

त्या दिवसापासून मास्तरांचं मशीन बंद झालं. बिरप्पा नावाचा तिशीतला कटर आला. मास्तरांना शरणप्पांनी खिडकीपाशी टेबल घालून दिलं. आलेला प्रत्येक तागा आधी त्यांच्या हाताखालून जायचा, आणि मीटरला किती सेंटिमीटर आटणार ते त्यांनी सांगितल्याशिवाय प्रियंकानं कागद काढायचा नाही. मास्तर दहा दिवस कुणाशी बोलले नाहीत. तिच्याशी तर नाहीच. अकराव्या दिवशी जिन्यावरून कोणीतरी कापडाचा एक तुकडा तिच्या टेबलावर आणून ठेवला. त्यावर खडूनं, जरा वेड्यावाकड्या रेघेत, तीनचा आकडा काढला होता. ती खाली गेली, आंगठ्यानं तागा पाहिला आणि म्हणाली, "मला अडीच वाटतंय, मास्तर." मास्तर म्हणाले, "भिजवून बघ." तीनच निघालं.

नमुन्यांचा विभाग त्या वर्षी सुरू झाला नाही. शरणप्पा तिच्याशी नीट वागत, कामाचं बोलत, पण त्या जागेचा विषय त्यांनी पुन्हा काढला नाही. तिनंही काढला नाही.

दिवाळीनंतर अक्कलकोट रोडच्या एमआयडीसीतून तिला फोन आला. दवाखान्यांचे कपडे शिवून परदेशी पाठवणारा कारखाना, मालक मास्तरांच्या नात्यातले. मास्तरांनी तिला न विचारताच तिचं नाव सांगितलं होतं. पॅटर्न विभागाची प्रमुख, हाताखाली अठरा माणसं. मुलाखत शनिवारी.

शुक्रवारी ती शरणप्पांसमोर जाऊन उभी राहिली आणि सगळं सांगितलं.

"मुलाखतीच्या आधी सांगतेस?" त्यांनी विचारलं. "लोक राजीनामा घिऊनच येतात."

"मागच्या वेळी सांगायला उशीर केला होता."

शरणप्पांनी समोरचा एक तागा सरळ लावून ठेवला. ही जागा तिला आपणच द्यायला हवी होती, असं त्यांना वाटलं असेल, नसेलही. ते म्हणाले, "जा. जमलं न्हाई तर ये परत, तुझी खोली कुणाला देत न्हाई मी." आणि तिच्यादेखतच त्यांनी त्या मालकांना फोन लावला. "कामाचं काय सांगू, ते बघालच. चूक केली तर स्वतः येऊन सांगती, एवढं बघा. जरा उशिरा सांगती, पण सांगती."

जागा तिला मिळाली. काशम्मा रुसली. शेवटच्या दिवशी सगळ्यांनी मिळून चहा-भजी केली, त्यात ती आली नाही. पाठ दुखते म्हणून घरी राहिली असं तिनं कळवलं. प्रियंका संध्याकाळी तिच्या घरी गेली. काशम्मानं दार उघडलं, चहा केला, पण जेमतेमच बोलली.

नव्या ठिकाणी पहिले सहा महिने जड गेले. अठरांपैकी पाच जण तिच्याहून वयानं मोठे होते आणि एकाला तीच जागा हवी होती. त्याच्याशी तिचं अजूनही पुरतं जमलेलं नाही. दोघं रोज सकाळी एकत्र बसून दिवसाचं काम लावतात, त्यात वाद होतात, आणि काम वेळेत जातं. अडलं की ती मास्तरांना फोन करते. मास्तर फोनवर कापडाचं काही सांगत नाहीत, तुकडा घेऊन ये म्हणतात. मग रविवारी जावं लागतं.

यंदा जूनमध्ये काशम्मा स्वतःहून एमआयडीसीत आली, सोबत सून रुपाली. रुपालीला शिलाईवर लावायचं होतं. प्रियंकानं तिला आत नेलं, मशीनवर बसवलं, इतरांसारखीच चाचणी दिली. रुपालीची शिलाई सरळ होती, पण वेग अर्धाही नव्हता.

प्रियंका बाहेर आली. काशम्मा बाकड्यावर पदरानं वारा घेत बसली होती.

"काशम्माक्का, आत्ता नाही घेता येणार तिला."

"तू प्रमुख हायस की हितली."

"म्हणूनच. शिलाई चांगली हाय तिची, हात हळू हाय. तीन महिने कुठंतरी बसली तर होईल."

काशम्मा उठली. "तुझ्या आईला सांगते मी," ती म्हणाली आणि सुनेला घेऊन रिक्षात बसली. त्याच रात्री राजाबाईचा गावाकडून फोन आला, आणि दहा मिनिटं तिनं प्रियंकाला चांगलंच सुनावलं. प्रियंकानं सगळं ऐकून घेतलं आणि नाही ते नाहीच म्हणाली.

महिनाभर काशम्माकडून काही कळलं नाही. मग एका दुपारी रुपालीचा फोन आला. ती आता शरणप्पांकडं, सासूच्या शेजारच्याच मशीनवर बसत होती. पुढची चाचणी कधी आहे, एवढंच तिला विचारायचं होतं. मागून काशम्माचा आवाज येत होता. काजाची पट्टी कशी धरायची, ते ती कुणाला तरी ओरडून सांगत होती. प्रियंकानं तारीख सांगितली.